तांब्याचा पैसा

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत, की ते ज्या वस्तूंवरून आले त्या वस्तू बाजारातून केव्हाच नाहीशा झाल्या. शब्द मात्र अजून खणखणीत चालतात. 'सोळा आणे खरे' असे आपण सहज म्हणतो. पण रुपयाचे सोळा आणे मोजलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण ज्यांच्या तोंडी असते, त्यांतील पुष्कळांनी आणा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. कंजूष मनुष्याची चमडी जाते पण दमडी जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. ती दमडी केवढी होती, हे सांगणारा मनुष्य मात्र विरळा. कष्टाळू बाईने पै पै करून संसार उभा केला, असे आपण वाचतो. तीन पै म्हणजे एक पैसा, हे आता कोणी पाठ करीत नाही. एखाद्याच्या नावाला बट्टा लागतो, तेव्हा हा बट्टा मुळात सराफाच्या पेढीवरचा आहे, हे कोणाच्या ध्यानीही नसते. नाणी गेली, त्यांचा नाद तेवढा भाषेत राहिला.

शब्द जपण्यास खर्च येत नाही आणि जागाही लागत नाही. पण प्रत्यक्ष ती जुनी नाणी जपून ठेवण्यात काही अर्थ आहे काय? हा प्रश्न मला माझ्या नातवाने विचारला. तो सातवीत शिकतो. आमच्या घरी एक जुना पितळी डबा आहे आणि त्यात तांब्याचे जुने पैसे आहेत. एका सुटीत त्याने तो डबा काढला, पैसे सतरंजीवर ओतले आणि म्हटले, "आजोबा, हे पैसे कोणत्याच दुकानात चालत नाहीत. मग आपण ते कशासाठी ठेवले आहेत?"

मुलांच्या अशा प्रश्नाला 'तुला आत्ता कळायचे नाही' असे म्हणून वाटेला लावणे सोपे असते; पण ते काही उत्तर नव्हे. म्हणून आम्ही दोघांनी मिळून या प्रश्नाचा छडा लावावयाचे ठरविले.

प्रथम आम्ही धातूचा विचार केला. तांबे ही मोलाची वस्तू आहे. तेव्हा तांब्याच्या पैशालाही मोल असले पाहिजे, असे नातवाचे म्हणणे पडले. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा आणून त्याने व्हिक्टोरिया राणीच्या काळचा एक पैसा त्यावर ठेवला. तो सुमारे साडेसहा ग्रॅम भरला. म्हणजे एक किलो तांब्यासाठी असे जवळजवळ १५५ पैसे हवेत! मोडीच्या दुकानात तांब्याला जो भाव मिळतो त्याला १५५ ने भागले, की एका पैशातील तांब्याची किंमत निघते. हा भागाकार तुम्हीही करून पाहा. तांब्याचा भाव रोज बदलतो. परंतु उत्तर थोड्याशा रुपयांतच घोटाळताना दिसेल. डब्यातील सगळे पैसे मोडीत घातले असते, तरी आमच्या घरातील चौघांचे एक वेळचे जेवणही धड झाले नसते.

मात्र या वजन करण्यातून एक निराळीच गंमत आमच्या लक्षात आली. डब्यातील सर्व पैसे सारख्या वजनाचे नव्हते. काही जाड होते, काही पातळ होते, आणि काहींच्या तर मधोमध चांगले मोठे भोक होते. पैसा हा पैसाच. मग हा भेद कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. १६७४ साली रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी महाराजांनी आपल्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा तो होन आणि तांब्याची ती शिवराई. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपती' ही अक्षरे देवनागरी लिपीत कोरलेली असत. होन फार थोड्यांच्या हाती पडे. शिवराई मात्र बाजारहाट करणाऱ्या सामान्य माणसाच्या कनवटीला असे. महाराजांच्या पश्चातही शिवराया पाडल्या जात राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकातही त्या महाराष्ट्रात चालत होत्या. त्या काळी देशात नाना तऱ्हांची नाणी होती. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवायचे, तर सराफ ते पारखून, वाजवून घेई आणि त्यावर काही कसर कापून घेई. ही कसर म्हणजेच बट्टा.

पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या अमलाखालील मुलखासाठी एकाच तऱ्हेचे चलन ठरविले. त्या हिशेबाने एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. या वेळचा पैसा शुद्ध तांब्याचा आणि सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाचा होता. रुपयाचे चौसष्ट पैसे कोणी पदरात बांधून निघाला, तर त्याला चारशे ग्रॅमांहून अधिक ओझे वाहावे लागे. १९०६ साली सरकारने कायदा बदलला. तांब्यात थोडे कथील आणि जस्त मिसळून कांस्याचा पैसा पाडण्यास सुरुवात झाली व त्याचे वजनही पाच ग्रॅमांच्या आत आले. लोक त्यालाही तांब्याचा पैसाच म्हणत राहिले. मग दुसरे महायुद्ध आले. युद्धाच्या कामासाठी तांब्याची मागणी वाढली आणि नाण्यांसाठी तांबे पुरेना. तेव्हा १९४३ साली मध्ये भोक असलेला पैसा निघाला. जेवढे भोक मोठे, तेवढे तांबे वाचले! हा भोकाचा पैसा जेमतेम दोन ग्रॅमांचा होता. तो १९४७ पर्यंत पाडला गेला.

नातवाने हे सारे आकडे एका कागदावर मांडले. साडेसहा ग्रॅम, पाच ग्रॅम, दोन ग्रॅम. मग तो म्हणाला, "आजोबा, पैसा इतका हलका झाला, तर दुकानदार पूर्वीपेक्षा अधिक पैसे मागत असतील ना?" प्रश्न चांगला होता. युद्धाच्या दिवसांत महागाई झाली हे खरे. पण ती पैशाला भोक पडले म्हणून नव्हे. जाड पैसा आणि भोकाचा पैसा एकाच दुकानात, एकाच मोलाने चालत होता. चौसष्ट जाड पैशांचा एक रुपया होई आणि चौसष्ट भोकाच्या पैशांचाही एकच रुपया होई. मग पैशाचे मोल तांब्यात कोठे होते? ते होते लोकांच्या विश्वासात. 'हा पैसा मी आज घेतला, तर उद्या दुसरा कोणी तो माझ्याकडून तेवढ्याच मोलाने घेईल', असा घेणाऱ्याचा भरवसा असे. नाणे म्हणजे धातूवर उमटविलेले एक वचन होय. तांब्याला भोक पाडता आले. त्या वचनाला भोक पडले नाही.

वचनाकडे न पाहता धातूकडेच पाहणारी माणसेही असतात. अमेरिकेतील एक उदाहरण सांगतो. तेथील सर्वांत लहान नाणे म्हणजे सेंट. त्याला लोक पेनी म्हणतात. १९८२ सालापर्यंत या नाण्यात शंभरात पंचाण्णव भाग तांबे होते. त्या वर्षी ते बदलण्यात आले आणि आत जस्त व वर तांब्याचा पातळ मुलामा, असे नाणे निघू लागले. पुढे तांबे महागले आणि जुन्या सेंटमधील तांब्याची किंमत एका सेंटहून अधिक झाली. तेव्हा पुष्कळ लोक जुने तांबडे सेंट निवडून बरण्यांत साठवू लागले. आता ते वितळवून नफा मिळवावा म्हटले, तर तेही जमेना. कारण तेथील सरकारने २००६ साली ही नाणी वितळविण्यास बंदी घातली. पुढे नवा सेंट पाडण्यासच त्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येऊ लागला. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा अखेरचा सेंट पाडण्यात आला. बरण्या भरून ठेवणारे अजूनही वाट पाहत आहेत. त्यांची वाट चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण निव्वळ तांबेच साठवायचे, तर घरात तांब्याची घागर काय वाईट? तिच्यात निदान पाणी तरी ठेवता येते.

आता दुसरा विचार. जुनी नाणी हौसेने जमविणारे लोक असतात. ते चांगली किंमत देतील की नाही? देतात, परंतु प्रत्येक जुन्या नाण्याला नव्हे. नाणे जुने आहे म्हणून मोलाचे ठरत नाही. ते दुर्मिळ असावे लागते, त्यावरील अक्षरे व चित्रे स्वच्छ असावी लागतात, आणि ते हवे असणारा मनुष्यही असावा लागतो. आमच्या डब्यातल्यासारखे पैसे टांकसाळींनी कोट्यवधी पाडले होते. ते आजही पुष्कळ घरांत आहेत. असे असूनही 'तुमच्याजवळचा जुना पैसा आम्हांला द्या आणि लाखो रुपये न्या' अशा जाहिराती अधूनमधून दिसतात. आधी अमुक रक्कम भरा, मग लाख रुपये पाठवू, असे हे लोक सांगतात. रक्कम भरली, की ते पुन्हा दिसत नाहीत. काही ठकांनी तर यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले. तेव्हा २०२१ साली रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून लोकांना सावध केले. म्हणून लाखांची स्वप्ने पाहत पैसे साठवावयाचे असतील, तर ते न साठविलेलेच बरे.

एवढे झाल्यावर नातू थोडा हिरमुसला. धातू म्हणून किंमत नाही, बाजारात किंमत नाही. मग डबा ठेवायचा कशाला? तेव्हा मी डब्याच्या तळाशी असलेले एक लहानसे गाठोडे सोडले. त्यात भोकाच्या पैशांची एक माळ होती. सुताचा जाड दोरा, त्यात ओवलेले पैसे आणि शेवटी पक्की निरगाठ. "मोज", मी म्हटले. त्याने मोजले. बरोबर चौसष्ट होते.

ही माळ माझ्या आजीची. आमचे घर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तिचा हिशेब कधी चुकत नसे. भोकाचे पैसे निघाले, तेव्हा तिची मोठी सोय झाली. चौसष्ट पैसे दोऱ्यात ओवून गाठ मारली, की एक रुपया झाला! अशा माळा ती फडताळात खुंटीला टांगून ठेवी. कोणाला वाटे, ही नुसती हौस. परंतु त्या माळा म्हणजे तिची वही होती.

१९४६ साली माझ्या आत्याचे लग्न झाले. बांगड्या भरण्यासाठी एक कासारीण घरी आली होती. ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पाठीवर ओझे घेऊन गावोगाव फिरे. तिने नवरीला हिरवा चुडा भरला, घरातील लेकीसुनांना बांगड्या भरल्या. हिशेबात एक रुपया कमी पडला. लग्नघर, हाताशी पैसा उरलेला नव्हता. आजी ओशाळली. तेव्हा कासारीण म्हणाली, "असू द्या वैनी. पोरीचं कार्य आहे. पुढच्या फेरीला द्या." ना कागद, ना साक्षीदार. डोक्यावरचा पदर सारखा करून ती निघून गेली.

आजीने त्याच आठवड्यात नवा दोरा घेतला. ताक-तुपाच्या विक्रीतून हाती येणाऱ्या पैशातील एखादा पैसा ती त्या दोऱ्यात ओवी. दिवाळीच्या आत माळ पुरी झाली. दिवाळी आली, पण कासारीण आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. आजीने बाजारकरी बायांबरोबर निरोप धाडले, दुसऱ्या कासारांकडे विचारणा केली. परंतु ती कोणत्या गावची, हेच नेमके कोणाला माहीत नव्हते. माळ खुंटीवर राहिली. घरात कधी अडचण आली, तर आजी इतर माळा सोडी. या माळेच्या गाठीला तिने कधी बोट लावले नाही.

मग १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मी त्या वेळी सात वर्षांचा होतो. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक आम्ही शाळेत घोकत असू. गावातील म्हाताऱ्या माणसांचा मोठा गोंधळ उडे. काही काळ जुनी व नवी नाणी बरोबरच चालली. पण जुनी हळूहळू परत घेतली जाणार, हे सर्वांना समजले होते. माझे वडील आजीला म्हणाले, "आई, त्या माळा दे. बदलून आणतो." आजीने सगळ्या माळा काढून दिल्या, ती एक मात्र दिली नाही.

"ते पैसे आपले आहेत होय रे?" ती म्हणाली. "त्या बाईचे आहेत ते. तिच्या पैशाला मी हात कसा लावू?"

वडिलांनी समजावून सांगितले, "अगं, उद्या हे पैसे चालायचे बंद झाले आणि ती बाई आली, तर तिच्या हातावर काय ठेवशील? नुसतं तांबं?"

आजी काही बोलली नाही. परंतु पुढच्या बाजारी तिने तूप विकले आणि त्यातून एक नवा कोरा निकेलचा रुपया आणून त्या माळेशेजारी, त्याच फडक्यात बांधून ठेवला. "आता कधीही येऊ दे," ती म्हणाली, "तिला तोटा नाही." मला हे चमत्कारिक वाटले. मी विचारले, "आजी, रुपया ठेवलास, मग माळ कशाला ठेवतेस?" त्यावर ती म्हणाली, "त्या रुपयाला काय ठाऊक, तो कुणाचा आहे ते? माळ सांगेल."

आजी १९६९ साली वारली. शेवटच्या आजारात तिने वडिलांना जवळ बोलावून सांगितले, की कासारीण आता यायची नाही. तिचा रुपया एखाद्या गरिबाच्या लेकीच्या चुड्याला द्या. वडिलांनी तसे केले. गावातल्या एका मुलीच्या लग्नात त्यांनी त्या रुपयात आपली भर घालून बांगड्या भरविल्या. रुपया गेला, माळ राहिली. ती आता फेडलेल्या ऋणाची पावती आहे. जिला अक्षर ओळखता येत नव्हते, तिने लिहून ठेवलेली ही पावती आहे.

मी ही हकीकत सांगितली, तेव्हा नातू बराच वेळ माळ हातात धरून बसला. पुढे काही दिवसांनी आम्ही शहरात भरलेले जुन्या नाण्यांचे प्रदर्शन पाहण्यास गेलो. माळ त्याने बरोबर घेतली होती. तेथील एका व्यापाऱ्याने ती पाहिली. तो मनुष्य सज्जन होता. त्याने खोटी लालूच दाखविली नाही. तो म्हणाला, "हे पैसे पुष्कळ सापडतात. पण यातले काही चांगले दिसताहेत. दोरा कापून सुटे केलेत, तर निवडून घेईन. दोन-चारशे रुपये होतील. माळ म्हणून मात्र वेगळी किंमत नाही." टेबलावर लहानशी कात्री होती. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी निर्णय त्याच्यावरच सोपविला, कारण उद्या ती माळ त्याच्याच हाती जाणार होती. दोनचारशे रुपये ही त्याच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. क्रिकेटच्या नव्या बॅटसाठी तो कित्येक महिने पैसे जमवीत होता. त्याने क्षणभर विचार केला आणि व्यापाऱ्याला विचारले, "दोरा कापल्यावर हे पैसे कुणाचे होते, ते कसं कळेल?"

व्यापारी हसला. म्हणाला, "ते नाही कळायचं, बाळ. मग ते नुसते भोकाचे पैसे."

नातवाने माळ फडक्यात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, की मग डब्यातील सगळेच पैसे जपून ठेवले असतील. तसे नाही. डब्यात जे सुटे पैसे होते, ते कोठून आले, कोणी ठेवले, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ते मुके पैसे. त्यांतील बरेच आम्ही नातवाच्या शाळेला दिले. इतिहासाच्या तासाला कंपनीच्या काळचा पैसा, १९०६ नंतरचा पैसा आणि प्रजासत्ताक भारताचा, १९५० सालापासून निघालेला, दौडत्या घोड्याचा पैसा मुलांच्या हाती देता येतो. मुले तो वाजवून पाहतात, तळहातावर तोलून पाहतात. डब्यात पडून राहण्यापेक्षा हे बरे. जो पैसा घरची गोष्ट सांगू शकत नाही, तो निदान देशाची गोष्ट तरी सांगू शकतो. पण त्यासाठी तो चारचौघांच्या हाती गेला पाहिजे. नाशिकजवळ अंजनेरी येथे आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे अशी नाण्यांची संग्रहालये आहेत. तेथे जाणाऱ्याला दिसेल, की प्रत्येक नाण्याशेजारी एक लहानशी चिठ्ठी असते. ते नाणे कोणाचे, केव्हाचे, कोठले, हे ती सांगते. त्या चिठ्ठीवाचून संग्रहालय आणि मोडीचे दुकान यांत फारसे अंतर उरणार नाही.

म्हणून मुलांनो, तुमच्या घरी जुने तांब्याचे पैसे असतील, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. ते चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करू नका. पैशावर चढलेला तपकिरी रंग हा मळ नव्हे; वर्षानुवर्षांच्या हवेने चढविलेली ती साय आहे. घासल्याने ती जाते, बारीक अक्षरे झिजतात आणि जाणकाराच्या दृष्टीने नाण्याची किंमत कमी होते. ओल मात्र लागू देऊ नका, नाहीतर पैसा कळकतो आणि हिरवा पडतो. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ते ठेवा.

आणि त्याहूनही महत्त्वाचे काम आजच करण्याजोगे आहे. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसा. तो पैसा त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, हा कोठून आला? याचे तुम्हांला काय मिळत असे? हा कोणी, कशासाठी ठेवला? ती माणसे जे सांगतील, ते चार ओळींत, तारखेनिशी लिहा आणि ती चिठ्ठी पैशाबरोबर ठेवा. तांबे शेकडो वर्षे टिकते. त्याला वाट पाहण्याची सवय आहे. सांगणारी माणसे तितकी वाट पाहू शकत नाहीत.